फोटोत गुलाबी, घरी आलं भलतंच: माझ्या हेजहॉग कॅक्टसचा बदललेला रिव्ह्यू

आधी कबुली देते. या रोपाला मी चार वर्षांपूर्वी एक स्टार दिला होता आणि खाली चांगलं तावातावाने लिहिलं होतं की फसवणूक आहे, कुणी घेऊ नका वगैरे. तो रिव्ह्यू आज बदलतेय. विकणाऱ्याबद्दलचं मत फारसं बदललेलं नाहीये, त्याच्यावर खाली येतेच, पण रोपाचा बिचाऱ्याचा काही म्हणजे काही दोष नव्हता, त्याच्या कुंडीत चिठ्ठी दुसऱ्याची खोचलेली होती एवढंच.

झालं असं की लिस्टिंगवर नाव होतं 'रेनबो हेजहॉग कॅक्टस' आणि फोटोत तो प्रसिद्ध माणिक रंगाचा खांब, गुलाबी-लाल काटे असे अंगाला चापून बसवलेले, वाटावं कुणीतरी क्रोशाचं विणून घातलंय. ज्यांना कॅक्टसच्या नादाची लागण झालीये त्यांना कळलंच असेल, शास्त्रीय नाव एकिनोसेरियस रिजिडिसिमस, त्यातला रुबिस्पायनस हा प्रकार. मी दोन महिने तो फोटो रोज उघडून बघत होते. शेवटी मागवला. बॉक्स उघडला तर आत सात सेंटीमीटरचं, राखाडी-पांढरट, मधेच थोडी मातकट गुलाबी झाक असलेलं, आणि सगळीकडून टोचणारं एक प्रकरण. चापून बसवलेले काटे कुठले, हे तर अंथरुणातून नुकतंच उठलेल्या पोराच्या केसांसारखे चहूबाजूंनी उभे! मी बोट लावायच्या आधीच दोन काटे माझ्या अंगठ्यात होते.

लगेच मेसेज केला. उत्तर आलं, "मॅडम, नॅचरल व्हेरिएशन आहे, उन्हात ठेवा, रंग येईल." बरं म्हटलं. उन्हात ठेवलं. सहा महिने, आठ महिने. रंग कसला येतोय, काटे तेवढे अजून लांब झाले. मग पुन्हा मेसेज, तर या वेळी नुसता हात जोडलेला इमोजी. तेव्हा तो एक स्टार पडला.

आता मुद्द्याचं. या काळात मला नाइलाजाने हेजहॉग कॅक्टस ओळखायचे कसे हे शिकावं लागलं, आणि ते शिकताना लक्षात आलं की आपण सगळे उलट्या टोकापासून सुरुवात करतो. आपण रंग बघतो. विकणाराही रंगच दाखवतो. आणि या जातकुळीत सगळ्यात बेभरवशाची गोष्ट कुठली असेल तर ती रंग.

मुळात 'हेजहॉग' हे नावच घोळाचं. मराठीत सांगायला गेलं की लोक साळिंदर म्हणतात, साळिंदर वेगळं, हेजहॉग वेगळा, पण कॅक्टसपुरतं साळिंदर म्हटलं तरी चित्र बरोबर उभं राहतं. ग्रीक 'एकिनोस' म्हणजे हेजहॉग किंवा समुद्रातला काटेरी अर्चिन, आणि हा 'एकिनो' किती जणांच्या नावात आहे बघा, एकिनोसेरियस, एकिनॉप्सिस, एकिनोकॅक्टस. दुकानदार तिघांनाही बिनधास्त हेजहॉग म्हणून खपवतात. खरं हेजहॉग म्हणून ज्याला मान आहे ते एकिनोसेरियस, मेक्सिको आणि अमेरिकेच्या नैऋत्येकडच्या वाळवंटातलं. एकिनॉप्सिस दक्षिण अमेरिकेतलं, त्यातल्या बऱ्याच जणांचं फूल लांब नळीचं, नळीवर लोकर, आणि रात्री उमलणारं. एकिनोकॅक्टसचं म्हणाल तर तो सोनेरी काट्यांचा गोल पिंप वर्षानुवर्षं याच नावाने विकला जातोय, त्याचा आणि याचा काहीही संबंध नाही. आणि काही महाभाग तर चक्क युफोर्बिया देतात, आपल्या त्रिधारी निवडुंगाच्या कुळातली. ती पकडणं सगळ्यात सोपं, जरासं खरचटलं तर पांढरा चीक येतो. कॅक्टसमध्ये काटे ज्यातून निघतात ती बारीक कापसाळ गादी असते, तिला एरिओल म्हणतात. गादी नाही तर कॅक्टस नाही, विषय संपला.

माझ्याकडच्याला गादी होती, चीक नव्हता, म्हणजे कॅक्टस तर होता. पुढे काय?

एका ग्रुपवर एक जुने जाणते काका आहेत, पन्नासेक वर्षं कॅक्टस लावतायत, त्यांना फोटो पाठवले. मला वाटलं ते नाव सांगतील. ते म्हणाले, "अगं, फोटो कसले पाठवतेस, धारा मोज, एका गादीवरचे काटे मोज, आणि मधले काटे कसे उभे आहेत ते लिहून पाठव." धारा म्हणजे त्या उभ्या कडा, खोडावर वरून खाली जाणाऱ्या. मला हा शब्द फार आवडला, त्रिधारीतला धारा तोच.

मोजायला बसले आणि कळलं की हे काम दिसतं तेवढं सोपं नाही. पहिल्यांदा पंधरा आल्या, दुसऱ्यांदा सतरा. कारण फिरत फिरत आपण कुठून सुरुवात केली तेच विसरतो. मग मुलाने एका धारेवर लाल दोऱ्याचा तुकडा अडकवला आणि कुंडी हळूहळू फिरवत त्याने मोजल्या, सोळा आल्या. परत मोजल्या, सोळाच. एक धार तर वर जाऊन दोन झालेली, म्हणून मोजताना कायम अर्ध्या उंचीवर मोजायचं, शेंड्याशी नाही. काटे मोजायलाही तेच. बुडाशी काटे जुने, तुटके, कळकट असतात आणि शेंड्याचे अजून पूर्ण निघालेले नसतात, त्यामुळे मधली एक चांगली धष्टपुष्ट गादी निवडायची. आम्ही भिंग घेतलं, टूथपिकने एकेक काटा बाजूला करत मोजला. गादीच्या कडेने पसरलेले १९. आणि मधून पुढे, म्हणजे आपल्या अंगावर येणारे, ५.

या पाचांनीच सगळा निकाल लावला.

ज्याला मी पैसे दिले होते त्या रिजिडिसिमसला मधले काटे नसतातच. अजिबात नाही. त्याचे सगळे काटे कडेचे, कंगव्याच्या दातांसारखे खोडाला चिकटून, म्हणूनच तो हाताला तुलनेने गुळगुळीत लागतो आणि फोटोत विणलेला दिसतो. त्यामुळे ज्या क्षणी तुम्हाला गादीच्या मधोमध एक जरी काटा सरळ बाहेर आलेला दिसला, त्या क्षणी तो रिजिडिसिमस नाही, मग विकणारा कितीही नॅचरल व्हेरिएशन म्हणू दे. हे मला बॉक्स उघडल्या दिवशी माहीत असतं तर आठ महिने उन्हात घालवले नसते.

मग उरले एकिनोसेरियसमधलेच दिसायला जवळचे पेक्टिनॅटस आणि डॅसिअ‍ॅकँथस, हे दोघं आणि त्यांचा आणखी एक चुलतभाऊ टेनॉइडिस. इथे जरा डोकं लावावं लागतं. पेक्टिनॅटसला मधले काटे असतात पण आखूड, बुटके, आणि ते गादीवर उभ्या रांगेत शिस्तीत बसलेले, शर्टाच्या बटणांसारखे. टेनॉइडिसचंही साधारण तसंच रांगेचं प्रकरण, फक्त त्याचं फूल पिवळं. डॅसिअ‍ॅकँथसला रांगबिंग मान्य नाही. त्याचे मधले काटे संख्येनेही जास्त असू शकतात आणि ते वाटेल त्या दिशेला उभे, एक वर, एक खाली, एक तिरका, एक थेट तुमच्या डोळ्यात बघतोय असा. माझ्या पाचांपैकी दोन वर, एक खाली आणि दोन तिरपे. काकांना लिहून पाठवलं तर त्यांचं उत्तर आलं, "डॅसिअ‍ॅकँथस वाटतोय, पण लहान आहे अजून, फूल येऊ दे मग बोलू."

हे "लहान आहे अजून" फार महत्त्वाचं आहे बरं का. रोप लहान असताना त्याचे काटे आणि मोठेपणीचे काटे यात फरक असतो, मधले काटे तर वय वाढतं तसे नीट दिसायला लागतात. म्हणजे तीन-चार सेंटीमीटरच्या रोपावर छातीठोकपणे नाव लिहिणाऱ्यावर विश्वास ठेवायचा तर त्याच्याकडे आईबापांची, बियांची माहिती असली पाहिजे. ती मी मागितली होती. पुन्हा इमोजी.

या डॅसिअ‍ॅकँथसला इंग्रजीत टेक्सस रेनबो म्हणतात, आणि दुसरं नाव सरळ 'स्पायनी हेजहॉग', म्हणजे काटेरी साळिंदर. आधीच साळिंदर, त्यात काटेरी! लॅटिन नावाचा अर्थही तोच, दाट काट्यांचा. एवढं सगळ्या नावांतून ओरडून सांगितल्यावरही मी मऊसूत गुलाबी खांबाची वाट बघत बसले होते. तर रेनबो हे नाव दोघांनाही आहे, रिजिडिसिमसला अ‍ॅरिझोना रेनबो आणि याला टेक्सस रेनबो, आणि लिस्टिंगवर नुसतं 'रेनबो' लिहिलं की विकणारा मोकळा. माझी फसगत बहुतेक इथेच झाली. मुद्दाम केलं असेल असं आता मला वाटत नाही, ट्रेमधल्या चिठ्ठ्या बदलल्या असतील.

रेनबो का म्हणतात तर खोडावर आडवे रंगाचे पट्टे दिसतात म्हणून. वाढीच्या वेगवेगळ्या काळात निघालेले काटे वेगवेगळ्या छटांचे असतात, आणि नवीन वाढ शेंड्याशी होत असल्यामुळे ते थर एकावर एक चढत जातात. रिजिडिसिमसमध्ये हे पट्टे ठसठशीत, गुलाबी आणि पांढरे. डॅसिअ‍ॅकँथसमध्ये कधी दिसतात कधी दिसत नाहीत, राखाडी, मळकट पांढरा, तपकिरी, फिकट गुलाबी, काट्याचं टोक बऱ्याचदा गडद. एकाच डोंगरावरच्या दोन रोपांचा रंग जुळत नाही म्हणतात ते याच्याबाबत शब्दशः खरं आहे. म्हणून म्हटलं, रंगावर जाऊ नका. शिवाय बाजारात हल्ली काट्यांना स्प्रे मारून निळे, लाल, जांभळे कॅक्टस विकतात, तेही 'रेअर' म्हणून. ते ओळखायचं तर शेंडा बघा, नवीन निघालेले काटे नैसर्गिक रंगाचे आणि खालचं सगळं भडक असेल तर रंगाचा डबा ओतलाय.

यावरून आठवलं, त्या बॉक्समध्ये एक फ्री गिफ्ट पण होतं. छोटासा कॅक्टस, डोक्यावर केशरी फूल. मी हरखले. तीन आठवडे फूल तसंच्या तसं. मुलगा म्हणाला, "आई, हे फूल वाजतंय." हात लावला तर खरंच कागदासारखं करकर वाजलं. सुकं फूल, ग्लू गनने चिकटवलेलं, आणि ओढून काढलं तर खाली शेंडा भाजलेला. हा प्रकार जगभर चालतो असं नंतर कळलं, पण शेंडा हाच वाढीचा बिंदू असतो, तिथे गरम गोंद ओतायचा म्हणजे काय बोलायचं! त्या रोपाने पुढे बाजूला दोन पिल्लं काढली आणि जगलं, तो वेगळा विषय. पण विकणाऱ्याचा दुसरा स्टार तिथे गेला.

फूल खरं की खोटं हे ओळखायला एकिनोसेरियसमध्ये तर फारच छान खूण आहे, आणि ती मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितली, म्हणून जरा सविस्तर सांगते.

गेल्या वर्षी, थंडी सरत आलेली, खोडाच्या अर्ध्या उंचीच्या वर, एका गादीच्या अगदी वरच्या बाजूला मला एक फुगवटा दिसला. गादीतून नाही, गादीच्या जरा वर, कातडीच्या आतून. जसं मुरूम येण्याआधी गालावर टेंगूळ जाणवतं तसं. मला वाटलं झालं, रोग लागला, आत अळी आहे. स्प्रेची बाटली हातात घेतली होती मी. काकांना फोटो पाठवला तर त्यांनी फोनच केला, "हात लावू नकोस, काही मारू नकोस, गप्प बस." गप्प बसले. आठवड्याभराने ती हिरवी कातडी चक्क उभी फाटली आणि फटीतून पांढरट लव आणि बारीक तपकिरी काट्यांचं एक टोक बाहेर आलं. बघवत नव्हतं खरं तर. पण हीच या कुळाची ओळख, एकिनोसेरियसची कळी खोडाची साल फाडून बाहेर येते, बाकीचे बहुतेक कॅक्टस गादीतून शांतपणे कळी काढतात तसं नाही. आणि फूल गेल्यावरही तो फाटलेला व्रण तसाच राहतो. म्हणजे कुणी तुम्हाला मोठं, फुललेलं हेजहॉग विकत असेल तर खोडावर गाद्यांच्या वर जुने व्रण आहेत का ते बघा. असतील तर ते फुलणारं, वयात आलेलं रोप. मला तर आता व्रण असलेलं रोप बिनव्रणाच्यापेक्षा जास्त आवडतं.

कळी पुढे बरेच आठवडे वाढत राहिली. अंगावर काटे आणि लोकर, पाकळ्या दिसायच्या आधी ती कळी आहे की पिल्लू आहे तेच कळत नव्हतं. फळावरही हे काटे असतात, पिकलं की झडतात, फळ रसाळ आणि खाता येणारं असतं म्हणतात, माझ्याकडे एकच रोप, फळ धरलंच नाही.

मग एके दिवशी, चांगलं कडक ऊन, अकरा वाजून गेलेले, कळीचं टोक सैल झालं. दीड तासात पूर्ण उघडलं. पिवळं! लिंबाच्या सालीचा पिवळा, आत गळ्याशी हिरवट होत गेलेला, पाकळ्यांना रेशमासारखी चमक. खोड साडेसात सेंटीमीटर रुंद आणि फूल पट्टी लावून मोजलं तर सव्वानऊ. डोक्यापेक्षा पागोटं मोठं म्हणतात ते हेच. आणि मधोमध पिवळ्या पुंकेसरांच्या गर्दीतून वर आलेला गर्द हिरवा स्टिग्मा, म्हणजे परागकण झेलणारं टोक, बारीक बोटं एकत्र धरल्यासारखा. हा हिरवा स्टिग्मा एकिनोसेरियसची जवळजवळ सहीच आहे, दुसऱ्या कॅक्टसमध्ये इतका हिरवा चटकन बघायला मिळत नाही. संध्याकाळी मिटलं, दुसऱ्या दिवशी परत उघडलं, असं चार दिवस.

काकांचं उत्तर फक्त एका शब्दाचं, "डॅसी."

पिवळ्या फुलाने शेवटचा प्रश्न सुटला, कारण रिजिडिसिमसचं फूल गुलाबी-जांभळट आणि गळा पांढरा, पेक्टिनॅटसचंही गुलाबीच, गळा पांढरा. टेनॉइडिसचं पिवळं असतं पण त्याचे काटे रांगेत, हे आपण आधीच बघितलं. म्हणजे काटे आणि फूल दोन्ही मिळून नाव पक्कं होतं, एकट्या फुलावर जाऊ नका, कारण डॅसिअ‍ॅकँथसमध्येही कधीकधी गुलाबी किंवा केशरी छटेची फुलं निघतात. त्यातली केशरी बऱ्याचदा भेसळीची असतात, म्हणजे निसर्गानेच केलेली भेसळ. पश्चिम टेक्सस आणि न्यू मेक्सिकोत याची आणि लाल फुलांच्या कॉक्सिनियसची गाठ पडते तिथे दोघांचा संकर होतो, त्याला एकिनोसेरियस रोटेराय असं वेगळं नाव दिलंय. मधे गुणाकाराचं चिन्ह लावून लिहितात ते संकर म्हणून. एका अर्थी विकणाऱ्याला माफ करावंसं वाटतं, जिथे डोंगरावरच रोपं एकमेकांत मिसळतात तिथे ट्रेमधल्या चिठ्ठ्यांचं काय घेऊन बसलात.

तज्ज्ञांचाही यावर घोळ झालेलाच आहे. डॅसिअ‍ॅकँथस हे नाव पहिल्यांदा छापलं गेलं १८४८ मध्ये. फ्रेडरिक विस्लिझेनस नावाचा जर्मन डॉक्टर १८४६-४७ मध्ये उत्तर मेक्सिकोत फिरून आला, येताना रोपं घेऊन आला, आणि सेंट लुईसचे दुसरे जर्मन डॉक्टर जॉर्ज एंगेलमन यांनी त्याच्या प्रवासवृत्ताच्या शेवटी त्यांची वर्णनं लिहिली. एकिनोसेरियस हे कुळाचं नावही त्याच छापील पानांत पहिल्यांदा आलं. हे रोप टेक्सस-मेक्सिको सीमेवरच्या एल पासोच्या आसपासचं. नंतर बरीच वर्षं लायमन बेन्सन यांच्यासारख्या अभ्यासकांनी याला स्वतंत्र जात न मानता पेक्टिनॅटसचीच व्हरायटी धरलं, 'निओमेक्सिकॅनस' म्हणून. त्यामुळे जुन्या पुस्तकात किंवा जुन्या बियांच्या पाकिटावर ते नाव दिसलं तर गोंधळून जाऊ नका, मी गेले होते. आता पुन्हा स्वतंत्र जात मानतात.

याच्या गावचे आणि जरा लांबचे इतर हेजहॉगही लिस्टिंगमध्ये घुसतात, पण ते वेगळे काढायला वेळ लागत नाही. स्ट्रॅमिनियस म्हणजे गवताच्या काडीच्या रंगाचे लांबलचक काटे, आणि एका खोडाची शंभर खोडं होऊन ढीग झालेला. ट्रायग्लोकिडिएटस आणि कॉक्सिनियस ही लाल पेल्याची मंडळी, धारा कमी, काटे मोजके, फूल मेणचट लाल, ज्यावर हमिंगबर्ड येतात. इंगलमनाय आणखी पश्चिमेकडचा, त्याला साधारण चार दणकट मधले काटे, सुऱ्यांसारखे. यातला कुठलाच माझ्या राखाडी ब्रशसारखा दिसत नाही. माझं मात्र एकटं खोड आहे, उभट पिंप, आता साडेतेरा सेंटीमीटर. हे रोप बहुतेक एकटंच राहतं किंवा मोजक्या फांद्या काढतं, ढीग करत नाही. पूर्ण वाढलं की फूटभर, क्वचित त्याहून उंच.

आता सांभाळण्याबद्दल, कारण रिव्ह्यू आहे. खरं सांगू, हे हट्टी नाही पण याला लाड सहन होत नाहीत. चिवावा वाळवंटात, चुनखडीच्या उतारांवर वाढलेलं झाड, पाऊस तिथे मुख्यतः उन्हाळ्यात आणि हिवाळा कोरडा आणि गोठवणारा. म्हणून वाढीच्या दिवसात पाणी द्यायचं तेव्हा भरपूर आणि मग माती पूर्ण सुकेपर्यंत विसरायचं, थंडीत जवळजवळ काहीच नाही. कोरडं असेल तर थंडी सोसतं, ओलं आणि थंड एकत्र आलं की बुडातून सडतं, आणि सडलेलं वरून कळत नाही, हलवून बघितलं की कळतं. माझं पहिल्या वर्षी मी कोकोपीटमध्ये लावलं होतं, ते नंतर सगळं धुवून काढलं आणि बारीक खडी, जाड रेती आणि थोडीशीच माती असं केलं. ऊन कमी पडलं तर शेंडा निमुळता होतो, नवीन काटे किरकोळ निघतात, आणि मग ओळखायची सगळी गणितंच चुकतात, कारण मधले काटेच नीट वाढत नाहीत. म्हणजे अंधारात वाढवलेल्या रोपावर ओळख पटवायला जाऊ नका. थंडीतली कोरडी विश्रांती दिली तरच कळ्या येतात असा माझा अनुभव, पहिली दोन वर्षं मी थंडीतही कौतुकाने पाणी घालत होते, एक कळी नाही.

काट्यांबद्दल एक दिलासा. फड्या निवडुंगाला जी बारीक कुसळं असतात, जी बोटात जातात आणि आठवडाभर छळतात, ती हेजहॉगला नसतात. याचे काटे दिसतात आणि चिमट्याने निघतात. हातमोज्यांचा उपयोग शून्य, कापडातून आरपार जातात. वर्तमानपत्राची जाड घडी करून रोपाच्या कंबरेभोवती गुंडाळायची आणि दोन टोकं धरून उचलायचं, बस्स.

पॅकिंगला मात्र पैकीच्या पैकी मार्क द्यायला हवेत. माती काढून मुळं मोकळी, टिश्यूत गुंडाळलेलं, मग पुठ्ठ्याची नळी. थर्मोकोलचे दाणे नव्हते, ते काट्यात अडकले की महिनोन्‌महिने निघत नाहीत. मुळं मोकळी असल्यामुळे मुळांवरची पांढरी मिलीबग कीड आहे का तेही बघता आलं, नव्हती. आणि मुळं बघून आणखी एक गोष्ट कळली, रोप बियांपासून वाढवलेलं होतं, खणून आणलेलं नव्हतं. खणून आणलेल्याची मुळं तुटकी, बूड खडबडीत, तपकिरी सालीचं, अंगावर ओरखडे, आणि आकार जरा वेडावाकडा. हे बघायलाच हवं, कारण जवळजवळ सगळं कॅक्टस कुळ १९७५ पासून साइट्सच्या, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणजे एका देशातून दुसऱ्या देशात पाठवायचं तर परवाना लागतो, आणि तिकडे टेक्ससमधल्या बिग बेंडसारख्या राष्ट्रीय उद्यानातून तर एक रोपही उचलता येत नाही. लिस्टिंगवर 'जंगली, जुनं, मोठं' असं अभिमानाने लिहिलेलं दिसलं तर मी पान बंद करते.

तर स्टारचं असं. रोपाला पाचपैकी पाच, आणि हवं तर सहा. विकणाऱ्याला तीन. एक पॅकिंगचा, एक निरोगी रोपाचा, आणि एक बियांपासून वाढवल्याचा. एक चुकीच्या चिठ्ठीचा कापला, एक ग्लू गनचा. इमोजीचा कापायला उरलाच नाही. त्यांच्या लिस्टिंगवर अजून तोच गुलाबी फोटो आहे, घेणार असाल तर ऑर्डर करण्याआधी मेसेज करून एका गादीचा जवळून फोटो मागा आणि मधे काटे आहेत का बघा. फोटो दिला नाही तर समजून जा. आणि मधे वाटेल त्या दिशेला उभे काटे दिसले, म्हणजे बहुतेक डॅसी आला, तर खरं सांगते, घेऊन टाका.

माझ्या कुंडीत जुनी चिठ्ठी अजून खोचलेली आहे, 'रेनबो, पिंक'. ती उलटी करून मागच्या बाजूला मुलाने पेन्सिलने नवं नाव लिहिलंय, खाली १६, १९ आणि ५. यंदा दोन फुगवटे आलेत, एक गेल्या वर्षीच्या व्रणाच्या शेजारच्या धारेवर आणि एक मागच्या बाजूला, भिंतीकडे. कुंडी फिरवू की नको यावर घरात अजून एकमत झालेलं नाही.